चार सेकंदांचं वाक्य

कंडक्टरबाईंच्या गळ्यात, तिकिटाच्या मशीनशेजारी, डेपोने दिलेलं कार्ड लटकत असे. त्यावर बारा वाक्यं छापली होती आणि ड्यूटीवर फक्त तीच बोलायची होती. ‘पाय आहेत की खांब रोवलेत? आत सरका!’ यावर पहिली तक्रार आली. ‘दार आहे, झोपाळा नाही’ यावर दुसरी. तिसरी आली की बसवरची एकोणीस वर्षांची ड्यूटी सुटणार आणि हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत बसावं लागणार.

गेल्या मंगळवारी मागचं दार लागताना, उतरणाऱ्या एका बाईंच्या पिशवीचा पट्टा त्यात अडकला. दुसरं टोक त्यांच्या मनगटाला गुंडाळलेलं. बाई खाली, पट्टा दारात आणि बस निघालेली.

“थांब रे मेल्या!” कंडक्टरबाई ओरडल्या.

बस जागच्या जागी थांबली. मनगट खरचटलं, एवढंच. पुढच्या सीटवरच्या एका गृहस्थांना मागचं काही दिसलं नव्हतं. ऐकू मात्र स्पष्ट आलं होतं. त्यांनी त्याच संध्याकाळी तक्रार पाठवली.

डेपोतल्या साहेबांनी आधी ड्रायव्हरला विचारलं, “तुमचा अपमान झाला?”

“साहेब, आठ वर्षं ताई मला दिवसातून चारदा मेल्या म्हणते. नाही म्हणाली, तर मीच विचारतो, बरं नाही का?”

“तो प्रश्न नाही. कार्डावर सातवं वाक्य आहे.”

कंडक्टरबाईंनी ते वाचून दाखवलं. “‘चालक महोदय, कृपया वाहन थांबवावे, प्रवासी उतरत आहेत.’ चार सेकंद लागतात साहेब, मी मोजलेत. तेवढ्यात ती बाई चाकापाशी गेली असती.”

“घाईतही सभ्यपणे बोलता येतं.”

“मग ड्रॉवरच्या कडेवर बोटं ठेवा. मी ड्रॉवर ढकलते, तुम्ही सातवं वाक्य म्हणा. म्हणून झालं की थांबते.”

साहेबांचा हात टेबलावरून मांडीवर गेला. मग त्यांनी बदलीच्या कागदावर सही केली. कागद आधीच टाइप झालेला होता.

कार्ड जमा करायचं होतं. क्लार्कने ते उलटसुलट पाहिलं आणि ‘कोपरा दुमडलेला’ असा शेरा लिहिला.

ड्रायव्हर फाटकाशी उभा होता. “नवा कंडक्टर बाराच्या बारा वाक्यं पाठ करून आलाय, ताई.”

“मग आता तूच आरशात बघायचं. दार लागलं की दरवेळी. तो महोदय म्हणेपर्यंत थांबू नकोस.”

“बघेन.”

“बघेन नाही. दरवेळी बघ, मेल्या.”