चाळिसांतले तीन

ताईनं तक्रार अर्जाचे चार कागद माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाली, "तुझं लिहिणं चांगलं आहे. जरा नजर घाल. चुका राहिल्या तर ते लोक मुद्दा सोडून चुकांनाच हसतील."

अर्ज डॉक्टरांविरुद्ध होता. दाजींचे, म्हणजे ताईच्या नवऱ्याचे, दोन्ही कान गेले होते. छातीतला जुना संसर्ग काही केल्या हटेना, म्हणून ते एका नव्या औषधाच्या चाचणीत दाखल झाले. आठ आठवडे इंजेक्शनं घेतली. छाती स्वच्छ झाली आणि कान बंद पडले, ते कायमचे. दाजींचं गॅरेज आहे. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला टेकवायची आणि आत काय बिघडलंय ते गाडी न खोलता सांगायचं, अशी त्यांची ख्याती. लांबलांबची गिऱ्हाइकं त्या कानांसाठी यायची.

ताईनं लिहिलं होतं, 'आधीच्या चाचणीत चाळिसांपैकी तिघांना ऐकू येईनासे झाले होते. ही गोष्ट डॉक्टरांनी आम्हाला सांगितली नाही. फॉर्मवर आकडा कुठेही नाही.' हा आकडा तिला रुग्णालयातल्याच एका नर्सनं सांगितला होता.

आकडा फॉर्मवर नव्हता हे खरं होतं. पण तो डॉक्टरांनी काढलेला नव्हता. तो मी काढला होता.

मी गणिताचं तत्त्वज्ञान शिकवते. संख्या आपण शोधतो की बनवतो, यावर मी वीस वर्षं पगार खाल्लाय. अशा बाईचं रुग्णालयात काय काम, असं आईनंसुद्धा विचारलं होतं. पण तिथल्या नीतिसमितीला वैद्यकाबाहेरचा एक सदस्य लागतो. मला बोलावणं आलं आणि मी केवढी फुशारून गेले! पहिल्या बैठकीला तर नवीन चष्मा करून गेले होते.

त्या औषधाचा संमतिफॉर्म आमच्यापुढे आला तेव्हा समितीतल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी तो आधी लोकांना वाचायला देऊन पाहिला होता. 'चाळिसांपैकी तीन' असं लिहिलेला फॉर्म वाचून वीसपैकी अकरा जण नको म्हणाले. आकडा नसलेला फॉर्म वाचून फक्त तिघे. बाई म्हणाल्या, "आकडा दिसला की लोक पुढचं वाचतच नाहीत. पण म्हणून तो काढावा का, हे मी सांगू शकत नाही."

ते मी सांगितलं. मी म्हणाले, "चाळिसांपैकी तीन हे त्या चाळीस जणांचं वर्णन आहे. समोर बसलेल्या एका माणसाला ते लागू करताच येत नाही. त्याचे काही तीन-चाळिसांश कान जाणार नाहीत. जातील तर पूर्ण, नाहीतर नाहीच." सगळे हसले. अध्यक्षसुद्धा हसले. मग मी आणखी पाच मिनिटं बोलले.

चाचणी घेणारे डॉक्टर, ज्यांच्याविरुद्ध आता हा अर्ज होता, तेवढे हसले नाहीत. ते म्हणाले, "आकडा राहू द्या हो. रुग्णासमोर मी बसतो. आकडा कागदावर असला की मला गोलगोल बोलता येत नाही." मी त्यांना समजावलं की चाळीस ही संख्याच मुळात फार लहान आहे. मत घेतलं. ते एकटे पडले. आकड्याच्या जागी वाक्य आलं, 'काही रुग्णांच्या श्रवणशक्तीत बदल होऊ शकतो.' ते वाक्यही माझंच. त्यातला 'बदल' हा शब्द मला तेव्हा फार आवडला होता.

माझा युक्तिवाद चूक होता का? वर्गात तो आजही उभा राहील. पण फॉर्म म्हणजे वर्ग नव्हे, आणि हे मला तेव्हाही कळत होतं. पंचेचाळीस सेकंदांत सगळ्यांना हसवता येतंय म्हटल्यावर जीभ आवरली नाही, एवढंच खरं. पुढे त्यावर मी एक निबंध लिहिला. तो छापून आला, त्याची वाहवा झाली, मला दोन ठिकाणी भाषणाला बोलावलं.

समितीनं मंजुरी दिल्यावर सात महिन्यांनी दाजींनी तोच फॉर्म माझ्यापुढे धरला. मी गॅरेजवर गाडी दाखवायला गेले होते. "मेव्हणीबाई, हे कानाचं काय लिहिलंय? बदल म्हणजे काय, आता जे आहे त्यापेक्षा चांगलं ऐकू येणार का?" ते हसत होते. मी म्हणाले, "दाजी, मी त्या समितीत आहे. मी सल्ला देणं नियमात बसत नाही. डॉक्टरांना विचारा."

"तुम्ही आहात ना त्यात? मग झालं तर," असं म्हणून त्यांनी माझ्याच गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली.

नियमावर बोट ठेवून मी मोकळी झाले होते. घरी येताना मला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं, ही खरी लाजेची गोष्ट.

आणि आता ताईचा अर्ज समोर होता. बोलायची वेळ तीच होती. पण ताई चष्मा पुसत म्हणाली, "हे जरा कडक होईल असं कर. मला मेलीला सगळं मऊच लिहिता येतं." मी पेन उचललं. ऱ्हस्व-दीर्घ नीट केले. 'सांगितली नाही' हे खोडून वर 'जाणीवपूर्वक दडवली' असं लिहिलं. स्वतःचं पाप दुसऱ्याच्या माथी मारायचं आणि तेही शुद्धलेखनासकट! ताईनं ते वाचलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तू होतीस म्हणून गं."

आठवड्यानं डॉक्टरांचा फोन आला. चौकशी होईपर्यंत त्यांना रुग्ण बघायला मनाई झाली होती.

"अर्जाची भाषा तुमची आहे," ते म्हणाले. "ओळखली मी."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मजकूर समितीनं मंजूर केला होता, एवढंच मी उत्तरात लिहिलंय. बैठकीत कोण काय बोललं ते इतिवृत्तात आहे. ते मी जोडलेलं नाही. मेव्हणी समितीत आहे, हे तुमच्या दाजींनीच मला सांगितलं होतं. तुमच्या घरात आग लावायची मला हौस नाही. पण चौकशी पुढच्या सोमवारी आहे." त्यांनी फोन ठेवला. आरडाओरडा केला असता तर मला वाद घालता आला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅरेजवर गेले. दाजी चाकं बदलत होते. हल्ली तेवढंच काम येतं. गिऱ्हाइकांना लिहायला खांबाला दोरीनं एक वही बांधलेली होती. मला बघून ते गरजेपेक्षा मोठ्यानं म्हणाले, "या मेव्हणीबाई! आज कशी वाट चुकलात?"

मी वही घेतली. बाहेरच्या सदस्याचं काम काय असतं, इथून सुरुवात केली. अर्धं पान झाल्यावर माझं मलाच कळलं की मी निबंध लिहितेय. ते पान फाडलं आणि लिहिलं, 'फॉर्ममधला आकडा मी काढायला लावला. डॉक्टर नको म्हणत होते. तुम्ही मला विचारलंत तेव्हा मला तो माहीत होता.'

दाजींनी हात पुसले, वही लांब धरून वाचली. मग पुन्हा वाचली.

"किती होता आकडा? ती म्हणते तोच?"

मी लिहिलं, '४० पैकी ३.'

ते जॅकवर चढवलेल्या गाडीकडे बघत बसले. मग म्हणाले, "एवढ्यावर तर मी सही केलीच असती. श्वास घेता येत नव्हता मला. चाळिसांत तीन म्हणजे काय, काहीच नाही."

मला, खोटं कशाला सांगू, हायसं वाटलं. तेवढ्यात ते म्हणाले, "पण मग कान मी दिले असते. आता ते माझ्याकडून काढून घेतले गेलेत."

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. मग आतल्या खोलीकडे मान करून म्हणाले, "ती आत आहे. सोमवारसाठी कागद लावतेय. तिला हे वहीत लिहून दाखवायचं नाही. तिला ऐकू येतं."

ताई जमिनीवर कागद पसरून बसली होती. मी दारातूनच सांगितलं. एका दमात, जसं वहीत लिहिलं होतं तसं, आणि 'जाणीवपूर्वक' हा शब्द मी कुणाला वाचवायला लिहिला तेही. माझं झाल्यावर तिनं विचारलं, "त्याला सांगितलंस?"

"हो."

"आधी त्याला. बरं केलंस."

तिनं अर्जाची प्रत पुढ्यात ओढली. पहिल्या पानावर डॉक्टरांचं नाव होतं. ते तिनं पट्टी लावून सरळ रेघेनं खोडलं. मग पेन तसंच हातात धरून, वर न बघता ती म्हणाली, "तुझा हुद्दा पूर्ण सांग. सावकाश सांग, मला चुका नकोत."

मी सांगत गेले आणि ती लिहीत गेली.