परसों काढलेला शाफ्ट

उस्मानपुऱ्यात कमरोद्दीन मिस्त्रींना ओळखत नाही असा जुना गाडीवाला सापडायचा नाही. माणूस वेळेचा पक्का. दहा म्हणजे दहालाच गॅरेजचं शटर वर जायचं. पण तारखा आणि वर्षं यांच्याशी त्यांचं कधी जमलंच नाही. जे काही होऊन गेलं ते सगळं त्यांच्या लेखी परसों झालेलं असायचं. परसों पाऊस बरा झाला. परसों आमची शादी झाली. परसों इथून निझाम गेला. दखनी बोलणाऱ्या घरांत हा शब्द असाच ऐसपैस असतो, त्यात कालपरवाही मावतो आणि पन्नास वर्षंही मावतात. मराठी बोलतानाही मिस्त्री तो शब्द सोडत नसत. जुनी गिऱ्हाइकं समजून घ्यायची.

नीरजा जुनी नव्हती. पुण्यात वाढलेली, वाळूजच्या कारखान्यात नोकरीला आलेली, पस्तिशीच्या आतली मुलगी. फेब्रुवारीत एका सकाळी तिनं फुलंब्रीहून एक डिझेल जीप दोरानं ओढत आणली. गाडी एकोणनव्वद सालची. कुणाच्या तरी आवारात बारा वर्षं उभी होती आणि तिच्यात कोंबड्या मुक्कामाला होत्या. मागच्या बाकाखालून दोन अंडीही निघाली.

"चाचा, हिला घेऊन मला स्पितीला जायचंय. हिमालयात. एकटीनं," नीरजा म्हणाली. "होईल ना?"

मिस्त्री गाडीखाली गेले आणि तिथंच पडून राहिले. चेसिसच्या आडव्या पट्टीवर वेल्डिंगचे तीन टाके होते, जरा तिरपे. शिवणाऱ्याला आपली शिवण कळते, तसा मिस्त्रींना तो हात कळला. हात त्यांचाच होता आणि गाडी कडुबाची होती.

कडुबा गंगापूरचा. एकोणीस वर्षं त्यानं ही जीप शहर ते गंगापूर अशी शेअरिंगवर पळवली. आत अकरा, मागं लोंबकळणारे चार आणि टपावर कापसाची गाठोडी. तेवढ्या चकरांत गाडीनं पृथ्वीभोवती कितीतरी फेरे घातले असते, पण ती बिचारी गंगापूरच्या स्टँडवर वळायची आणि परत यायची. आता कडुबा नव्हता. गाडी मात्र पुन्हा मिस्त्रींच्या दारात आली होती.

"होईल," ते खालूनच म्हणाले. आतलं पटकन बाहेर काढायची त्यांना सवय नव्हती, इंजिनातलं सोडून.

मग काम सुरू झालं. इंजिन उतरवलं, लेथवर नेऊन बोअर केलं, नवे लायनर आणि रिंगा घातल्या. स्प्रिंगच्या पाट्यांची पानं एकेक करून उलगडली. बॉडीचा गंज खरवडताना खालून कडुबाचा पिवळा पट्टा निघाला, त्याच्याही खाली मूळचा निळा. नीरजा दर शनिवार-रविवारी यायची, अंगात जुना शर्ट घालून स्वतः पॉलिश पेपर मारायची. तिनं गॅरेजच्या भिंतीला एक नकाशा चिकटवला. त्यात लाल पेनानं रस्ता काढलेला होता. कन्नडचा घाट, धुळं, इंदूर, पुढं वर वर जात मनाली आणि शेवटी स्पितीतलं काझा.

दुपारची नमाज झाली, डबा खाऊन झाला, की उस्मानपुऱ्यात तासभर सामसूम असते. त्या वेळी मिस्त्री जीपमध्ये जाऊन बसत. जीपला चाकं नव्हती, इंजिन नव्हतं, ती लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. मिस्त्री स्टेअरिंगला हात लावत आणि डोळे अर्धे मिटत. समोरच्या भिंतीचा चुना पडून पांढऱ्या-करड्या आकृत्या झाल्या होत्या. त्या हळूहळू डोंगर व्हायच्या. मोठ्या गिअरशेजारचा, चारी चाकांना ताकद देणारा छोटा दांडा ते पुढं ढकलत आणि गाडी निघायची. कन्नडचा घाट उतरायची, केळीच्या बागांतून जायची, नद्या ओलांडायची. हवा थंड होत जायची. एप्रिलच्या उकाड्यात मिस्त्रींच्या हातावर काटा यायचा. एकदा तर त्यांनी खरंच काच वर करायला हात नेला, आणि दाराला अजून काचच बसवलेली नव्हती. स्वतःशीच हसले. वय सदुसष्ट आणि खेळ असा.

त्यांना जायचं होतं. एवढीच गोष्ट होती, आणि ती ते जन्मात कुणाला सांगणार नव्हते. पन्नास वर्षं त्यांनी लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्या, लोक त्या घेऊन काश्मीरला गेले, कन्याकुमारीला गेले. मिस्त्रींची धाव नगर आणि जालना. आता कोणत्या तोंडानं पोरीला म्हणायचं, की मलाही ने?

म्हणून ते नुसते प्रश्न विचारत. "काझाला डिझेल मिळतं का, ताई?" "तिथं रेडिएटरचं पाणी गोठतं म्हणतात, खरं का?" नीरजाला वाटायचं, मिस्त्री कामाचं विचारताहेत. ती मन लावून उत्तरं द्यायची.

टपावर तिच्यासाठी घडीचा तंबू बसवला. आत मागच्या बाजूला सामानासाठी तीन फुटांची फळी करा, असं तिनं सांगितलं होतं. मिस्त्रींनी केली सहा फुटांची.

"एवढी लांब?"

"सामान वाढतं, ताई. वाटेत लई वाढतं."

एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी नवं केलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. आवाज ऐकून शेजारचा पानवाला सोमनाथ टाळ्या वाजवत आला. नीरजाच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग ती हातातली यादी घेऊन गाडीखाली सरकली, एकेक नट-बोल्ट बघत पुढं गेली, आणि थांबली.

"चाचा, पुढचा शाफ्ट कुठंय?"

इंजिनाची ताकद पुढच्या चाकांकडे नेणारी ती अडीच फुटांची लोखंडी नळी. ती नसेल तर छोटा दांडा कितीही हलवा, पुढची चाकं नुसती शोभेची.

"मीच काढला ना परसों," मिस्त्री हात पुसत म्हणाले.

"परवा?"

"व्हय."

"आणि कुठाय तो?"

"घरी."

"मला न विचारता घरी नेलात?"

मिस्त्री बुचकळ्यात पडले. त्या वेळी ही पोरगी पाळण्यात असेल. "तुम्हाला काय विचारायचं त्याच्यात?" ते म्हणाले. अगदी खरं होतं ते.

नीरजाचा चेहरा उतरला. कारखान्यातल्या लोकांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, की जुन्या गाडीचं सामान दुर्मिळ असतं, डोळ्यात तेल घालून लक्ष ठेव. ती फार मोठ्यानं बोलली नाही. "उद्या सकाळी गाडी घेऊन जाते," एवढंच म्हणाली आणि निघून गेली.

मिस्त्रींना मग उलगडलं, की आपल्याला चोर ठरवलंय. का, ते मात्र उलगडलं नाही; शाफ्ट तर ते आणून बसवणारच होते. तिनं शब्द उच्चारला नव्हता, पण तोंडावर लिहिलेला होता. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. त्यांना आतून फार लागलं.

घरी त्यांनी न जेवताच ताट बाजूला सरकवलं. बायको जाहेदा मागचं दार लावत होती. गल्लीत उघडणारं ते अरुंद दार. त्याच्या अडसराला दोन्ही टोकांना सायकलच्या ट्यूबा गुंडाळलेल्या होत्या. रोज संध्याकाळी भिंतीतल्या दोन आकड्यांत ती तो आडवा ठेवायची.

"दे को आव ना ये उनको," सगळं ऐकून ती म्हणाली.

"नाय. आता नेऊन दिला, तर चोरलेला परत केला म्हणतील."

तो अडसर म्हणजेच पुढचा शाफ्ट होता.

दुसऱ्या दिवशी नीरजा आली ती आईला घेऊन. प्रमोदिनीबाई लग्न होऊन पुण्याला गेल्या त्याआधी इथंच वाढलेल्या, निवृत्त शिक्षिका. लेकीला सोबत म्हणून चार दिवस राहायला आल्या होत्या. कुणाला तरी कडक शब्दांत सुनावायचं आहे अशा तयारीनं त्या रिक्षातून उतरल्या.

"मिस्त्री, शाफ्ट तुम्ही काढलात?"

"व्हय, बाई."

"कधी?"

"परसों."

प्रमोदिनीबाईंच्या कपाळावरची आठी जागच्या जागी थांबली. त्यांनी मिस्त्रींकडे नीट पाहिलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "परसों म्हणजे कधीचं हो?"

"कडुबाच्या थोरल्या पोरीच्या लग्नाआधी."

"आणि ती पोरगी आता?"

"आजी झाली की."

बाई हसायला लागल्या त्या थांबेनात. गॅरेजातल्या स्टुलावर बसल्या, पदरानं डोळे पुसले, पुन्हा हसल्या. "अगं नीरजे," त्या म्हणाल्या, "आमच्या शेजारच्या खाला सांगायच्या, परसों माझी अम्मी वारली. मी सांत्वनाला गेले, तर अम्मी जाऊन वीस वर्षं झालेली! इथला परसों म्हणजे आपला परवा नव्हे गं."

नीरजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चाचा, मी... मला वाटलं..." तिनं सरळ वाकून त्यांच्या पायांना हात लावला. मिस्त्री दोन पावलं मागं सरले. "नक्को, नक्को," ते पुटपुटले. पण छातीवरचा दगड उतरला होता, आणि ते लपवायला त्यांनी उगाच एक पाना शोधायला घेतला.

मग सगळे मिस्त्रींच्या घरी गेले. मिस्त्रींनी अडसर काढून पोर्चमध्ये खाटेवर ठेवला आणि ट्यूबा सोडल्या. दोन्ही टोकांच्या सांध्यांतले क्रॉस, दाते, सगळं ग्रीसमध्ये न्हालेलं, कालच पेटीतून काढल्यासारखं लखलखत होतं.

"हर साल ईद के पहले," जाहेदाचाची म्हणाल्या. "मैं सेवयां का डब्बा उतारती, ये इसको उतारते. पोंछते, ग्रीस लगाते, फिर बांधते. लोगां घर चमकाते, ये दार का दांडा चमकाते."

"पण काढला कशाला होता?" नीरजानं विचारलं.

"गंगापूरच्या रस्त्याला चार चाकं कशाला ओढायला पाहिजेत?" मिस्त्री म्हणाले. "पुढची चाकं उगं डिझेल खायची. सगळे शेअरिंगवाले काढूनच टाकायचे शाफ्ट. कडुबा म्हणला, मिस्तरी, भंगारात देऊ नका हा. डोंगरात जायचं ठरलं की बसवू. दोघं जाऊ." त्यांनी शाफ्टवरून फडकं फिरवलं. "म्हणला होता परसों."

त्या वेळी कुणी हसलं नाही.

शाफ्ट बसवायला अर्धा तास लागला. आठ बोल्ट, चार मागं आणि चार पुढं. मग गंगापूर रस्त्याला एका शेतात, उसाला पाणी दिलेल्या काळ्या चिखलात त्यांनी जीप घातली. मागची चाकं गरगर फिरली आणि गाडी बसली. मिस्त्रींनी छोटा दांडा पुढं ढकलला. खालून एक आवाज आला, दुपारी डोळे मिटून त्यांनी इतक्यांदा ऐकलेला, पण आज कानांनी ऐकलेला. पुढची चाकं चालू लागली. गाडी चिखलातून सावकाश, निवांत बाहेर आली. मिस्त्रींनी गाडी बांधावर उभी केली आणि स्टेअरिंगवर कपाळ टेकलं.

परत आल्यावर गॅरेजात जाहेदाचाचींनी आणलेला चहा झाला. नीरजा मागून जीपमध्ये चढली आणि फळीवर आडवी झाली. ती पाच फुटांची. पायांपुढं फूटभर जागा उरली. उशाला हात गेला तर तिथं घडी करून ठेवलेली पांढरी टोपी लागली आणि एक पातळ चादर.

"चाचा, एवढं लांब सामान कुणाचं हो?"

मिस्त्री पाने पुसत राहिले. एकच पाना, तीनतीनदा.

"उनकाच नाप है, बेटी," जाहेदाचाची कप गोळा करत म्हणाल्या. "सो को देखे ना उसपे. दोपहर में रोज जाते ये हिमालय को. मेरे को मालूम है."

मिस्त्रींचे कान लाल झाले. नीरजा फळीवर उठून बसली. भिंतीवरचा नकाशा, तो डिझेलचा प्रश्न, गोठणाऱ्या पाण्याचा प्रश्न, सगळं तिच्या डोक्यात एकदम जागेवर बसलं.

"अहो, मग चला की!" ती म्हणाली. "मी कधीची बोलणार होते. एकटीनं जाते म्हटल्यापासून आईचा डोळा लागत नाही."

"खरंच चला, मिस्त्री," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "मला हात जोडायला लावू नका."

मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. "ही एकटी..."

"मैं नक्को बाई," जाहेदाचाची म्हणाल्या. "खुलताबादच्या घाटातच मला उलट्या होतात. तुमे जाव."

"अगं, पण मागचं दार? अडसर तर गाडीला लागला. लावशील कशानं?"

जाहेदाचाचींनी कप खाली ठेवले. "कुंडी है ना उसको. अंदर से."

"कडी? कधी लावलीस?"

"परसोंच लगवाई. रुक्सार पैदा हुई उस साल."

रुक्सार त्यांची धाकटी. तिचंच पोर आता शाळेत जात होतं. दार रोज तीच लावायची, म्हणून वरच्या कोपऱ्यातली कडी मिस्त्रींच्या कधी नजरेत आली नव्हती. एवढी वर्षं त्या दाराचं नुसत्या कडीवर भागलं असतं, आणि तरी ही बाई रोज संध्याकाळी तो जड लोखंडी दांडा दोन हातांनी उचलून आडवा ठेवत होती, नवऱ्यानं जपलेला तो दांडा बिनकामाचा ठरून भंगारात जाऊ नये म्हणून. मिस्त्रींनी चष्मा काढला आणि हातातल्या ग्रीसच्या फडक्यानंच पुसला, त्यामुळे मग त्यांना काही दिसेचना.

"मग निघायचं कधी, चाचा?" नीरजानं विचारलं.

"परसों," मिस्त्री म्हणाले.

सगळ्या एकदम हसल्या. नीरजानं डोळे बारीक केले. "कोणता परसों ते नीट सांगा हं. मागं एकदा फसलेय मी."

कमरोद्दीन मिस्त्रींनी काळा झालेला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि शटरमधून दिसणाऱ्या रस्त्याकडे बोट केलं.

"पुढचा," ते म्हणाले.