खांद्याच्या उंचीची तोटी

आमच्या वस्तीला पाणी कोणी आणलं असं विचारलं, की बायका माझ्याकडे बोट दाखवतात. खोटं आहे ते. पाणी माझ्या सासूच्या रागानं आणलं. मी त्या रागाला फक्त नळ जोडून दिला.

सासूचं नाव तुळसाबाई. घाटंजीच्या अलीकडे आमचं गाव. गावाला विहीर एकच आणि तिचा ओटा उंच. आमच्या बायकांनी ओट्याखाली घागर ठेवायची, चार पावलं मागे सरायचं आणि वरून कोणी पाणी ओतेल त्याची वाट पाहायची, अशी रीत होती. तिथंच तहान लागली तर वाकून ओंजळ धरायची. वरच्या माणसाला मूड असला तर धार पडायची, नसला तर तो शेजाऱ्याशी गप्पा मारत उभा राहायचा आणि आमची माणसं ओंजळ धरून तशीच वाकलेली. छप्पन्न साली सासू नागपूरहून दीक्षा घेऊन आली. दुसऱ्याच दिवशी तिनं वस्तीच्या मधोमध उभं राहून सांगितलं, "आता त्या ओट्याखाली मी जानार नाई. वरून कोनी टाकलेलं पानी माह्या घशाखाली उतरनार नाई. ज्याले जायचं त्यानं जा."

कोणी गेलं नाही. पण न जाणं सोपं नव्हतं. नाल्यातल्या रेतीत झिरा उकरून वाटीवाटीनं घागर भरायची. चैत्र लागला की तोही रुसायचा. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा सासूच्या बोटांची नखं रेती उकरून झिजलेली होती. मला ते पाहून दया आली नाही, संताप आला. दया मला जरा उशिराच येते.

मी कळंबला मामाकडे राहून सातवी झालेली. तिथं नीळकंठ गुरुजींनी एकदा डब्याला खालीवर तीन भोकं पाडून वर्गात पाणी ओतलं होतं. सगळ्यात खालच्या भोकाची धार सगळ्यात लांब गेली आणि पहिल्या बाकावरच्या पोरांचे सदरे भिजले. वरच्या पाण्याचा भार खालच्या पाण्यावर असतो, जितकं खोल तितका दाब जास्त, असं गुरुजी म्हणाले. सदरे भिजल्यामुळे ते माझ्या पक्कं लक्षात राहिलं.

नाल्यापलीकडच्या टेकडीत एक झरा होता. खडकातून निघायचा आणि खालच्या दगडांत जिरून जायचा. तो गायरानात, म्हणजे कोणाच्या मालकीचा नाही. घागर डोक्यावर घेऊन तिथून नाल्यात उतरून परत चढायचं म्हणजे छाती फुटायची. मी घरात विषय काढला, तिथून नळ टाकू.

आमचे चुलतसासरे उकंडाकाका वस्तीत वडीलधारे. ते हसले. "नळ नाल्यात उतरन, हे समजलं. मंग इकडं वर कसा चढन वं पानी? त्याले पाय हायेत का?"

मी पपईच्या पानाचं लांब पोकळ देठ आणलं. वाकवून दोन्ही टोकं वर धरली आणि एका टोकातून पाणी ओतलं. दुसरं टोक जरा खाली धरलं की तिथून पाणी गळायचं. वर उचललं की बंद. "काका, मधी कितीबी खाली जाऊ द्या. जेवढ्या उंचीवरून निघालं तेवढ्या उंचीपर्यंत ते स्वतःच चढते. त्याच्यावर नाई."

"झरा आपल्याहून उंच हाय हे कायवरून?"

ही शंका रास्त होती. मी परात काठोकाठ भरली, वस्तीच्या तोंडाशी जमिनीवर ठेवली आणि पालथी पडून पाण्याच्या रेषेवरून पलीकडे पाहिलं. परातीतलं पाणी कुणाची बाजू घेत नाही, ते सपाटच राहतं. त्या रेषेच्या जरा वर झऱ्याचा काळा खडक दिसत होता. नवी सून रस्त्यात पालथी पडलेली पाहून बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. सासू मात्र माझ्या शेजारी तशीच पालथी पडली, एक डोळा मिटला आणि उठून म्हणाली, "दिसते. नळ आना."

माझा नवरा श्रावण गवंड्याच्या हाताखाली काम करायचा. घाटंजीत कापसाचं एक जुनं जिनिंग मोडत होते. वस्तीतली माणसं तिथं भिंती पाडायला गेली आणि मजुरीऐवजी लोखंडी नळ घेऊन आली. ते बैलगाडीवर लादून आणले तेव्हा लग्नाची वरात आल्यासारखी पोरं मागे धावत होती.

हिवाळा सरला तशी मी झऱ्याकडून कामाला लागले आणि श्रावण वस्तीकडून. झऱ्याभोवती लहान हौद बांधला. नळाला नळ जोडत, प्रत्येक सांध्याला ताग आणि डांबर लावत आम्ही नाल्यात उतरलो. टोकाला बूच मारून पाणी सोडून पाहिलं तर नाल्यातल्या सगळ्यात खालच्या सांध्यातून अशी पिचकारी उडाली की उकंडाकाकांचं पागोटं भिजलं. वरचे सांधे तर कोरडे! काका म्हणाले, "इथंच काहून?" मी म्हटलं, "सगळ्या पान्याचा भार इथंच आला, काका. इथं दुप्पट ताग लागन." काकांनी तो सांधा स्वतःच्या हातानं आवळला. त्या दिवसापासून ते लोकांना दाब समजावून सांगू लागले, तेही असं की जणू शोध त्यांचाच.

मी इकडे नाल्यात असताना तिकडे वस्तीत श्रावणच्या अंगात आलं होतं. त्यानं वस्तीच्या तोंडाशी काळ्या दगडाचा ओटा रचला. मग कोणीतरी म्हणालं, गावच्या विहिरीच्या ओट्याहून उंच पाहिजे. झालं! रोज एक थर चढू लागला. विहिरीवरून आमची तोटी दिसली पाहिजे, तिथं पाणी ओतणाऱ्यांनी मान वर करून पाहिलं पाहिजे, ही प्रत्येकाची हौस. शेवटी ओटा छातीएवढा झाला आणि त्यावर नळाची उभी मान, पितळी तोटीसकट. मी पाहिलं तेव्हा माझाही ऊर भरून आला. इतकं देखणं काही आमच्या वस्तीत तोवर नव्हतं.

वैशाखी पुनवेला तोटी उघडायची ठरली. सगळी वस्ती पांढरे कपडे घालून जमली. विहिरीवर गावचे पाटील रामराव चार माणसं घेऊन गंमत पाहत उभे. सासू ओट्यावर चढली, तोटी फिरवली. आतून हवा फुसफुसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग फुसफुसणंही थांबलं. थेंब आला नाही.

श्रावणनं तोटीला कान लावला, नळावर दगड वाजवला. काही नाही. विहिरीवरून रामरावांचा आवाज आला, "तुळसा, या इकडं सारे! हाव ना आम्ही. टाकतो वरून पानी, पहिल्यासारखं!"

त्यांची माणसं खदखदून हसली. आमच्याकडे कोणी हसलं नाही. उकंडाकाका खाली मान घालून म्हणाले, "वैनी, लेकरं किती दिवस रेतीतलं पितीन? हे जमलं नाई त मंग उद्यापासून विहिरीवर जा लागन." झिऱ्यावर तीन उन्हाळे काढलेला माणूस बोलत होता. सासू एवढंच म्हणाली, "उद्या नाई. जया पाहून राह्यली अजून."

खरं तर जया, म्हणजे मी, काहीच पाहत नव्हती. जयाला रडू येत होतं. पण सासूनं सगळ्यांदेखत नाव घेतल्यावर रडायची सोय राहिली नाही. मी परात मागवली. ओट्यावर तोटीच्या उंचीला धरली आणि रेषेवरून पलीकडे पाहिलं. या खेपेला झऱ्याचा खडक रेषेच्या खाली होता. पुरता हातभर खाली.

पाणी अडलं नव्हतं. बिचारं जेवढं चढायचं तेवढं चढून नळात चूपचाप उभं होतं. आम्हीच तोटी त्याच्या हाताला लागणार नाही अशी टांगली होती.

मी ओट्याच्या बुडाशी नळाचा सांधा सोडला. भसकन पाणी आलं आणि माझ्या पांढऱ्या लुगड्याचा चिखल झाला. लोक ओरडले. "तोटी इथं बुडाशी लावू!" काका म्हणाले.

"इथं?" सासूनं बुडाकडे पाहिलं. "म्हंजे वाकून भरायचं. वाकून ओंजळ धरायची."

"वैनी, आपलंच पानी हाय."

"पानी आपलं हाय अन् वाकनं त्याइचं. नाई जमत."

दोन दिवस आम्ही दुसरा उपाय करून पाहिला. झऱ्याच्या हौदाच्या भिंती वाढवल्या, म्हणजे पाणीच उंच होईल. ते चढलं जरासं. पण भार वाढला तसा खडकातल्या फटी मोकळ्या झाल्या आणि पाणी भलतीकडूनच पाझरून गेलं. मी हौदाच्या काठावर बसून त्याला शिव्या घातल्या. रामरावांसाठीही ते चढलं नसतं आणि आमच्यासाठीही चढत नव्हतं. त्याला जात कळत नाही याचा मला इतके दिवस अभिमान होता. त्याला आमचा मानही कळत नाही, हे त्या दिवशी झोंबलं.

टेकडीवरून परतताना वस्तीकडे पाहिलं. ओटा, आणि ओट्यापासून नाल्याकडे उतरत गेलेली जमीन. तोटी वर जात नाही. मग आपण खाली का जात नाही? ओट्याऐवजी खड्डा. तोटी जमिनीसपाट, आणि तिच्यापुढे माणूस ताठ उभं राहील एवढं खोल. सांडलेल्या पाण्याला खड्ड्यातून नाल्याकडे चर. तोटी जितकी खाली येईल तितकी धारही जोरात पडणार, ते वेगळंच.

सासूला सांगितलं तर ती भडकली. "खाली उतरायचं? जल्मभर खालीच त उभी होती मी!"

मलाही राग आला. मी म्हटलं, "आत्याबाई, तुमी खाली उभ्या होत्या म्हनून त्रास नव्हता. वर कोनीतरी उभं होतं म्हनून होता. या खड्ड्याच्या वर कोनी नाई. अन् वाका लागत नाई."

तिनं चुलीतलं लाकूड उगाच मागेपुढे केलं. मग कोपऱ्यातली कुदळ उचलली आणि बाहेर गेली.

ओटा फोडताना श्रावणचं तोंड पाहवत नव्हतं. पण त्याच दगडांच्या त्यानं खड्ड्यात उतरायच्या पायऱ्या केल्या, आणि घागर ठेवायला तोटीखाली कमरेएवढा चौथरा, की भरलेली घागर न वाकता सरळ डोक्यावर यावी. मुरूम कडक होता. माणसं शेतावरून येऊन खणायची, बायका टोपल्या भरून बाहेर टाकायच्या. रामराव एकदा येऊन म्हणाले, "कबर खनून राह्यले का गा?" कोणी मान वर केली नाही. कामच तेवढं होतं.

तोटी बसवली त्या सकाळी कोणी नवे कपडे घातले नाहीत. सगळे मुरमानं माखलेले. सासू पायऱ्या उतरली. तोटी बरोबर तिच्या खांद्याशी आली. आम्ही काठावर उभे होतो, पण तिच्या डोक्यावर नाही, मागे सरून. हे कोणी सांगितलं नव्हतं.

ती तोटीसमोर उभी राहिली. आणि तिची कंबर वाकली. दोन्ही हात जुळून ओंजळ झाली, मान खाली गेली, आणि ती तशीच थांबली. तोटी बंद होती. ती थांबलीच.

पायऱ्या उतरून तोटी फिरवावी म्हणून मी पुढे झाले, तेवढ्यात उकंडाकाकांनी माझा दंड धरला. "नको पोरी. तू फिरवली त वरूनच वाढल्यासारखं होईन." मी थांबले.

बऱ्याच वेळानं सासूनं आपल्याच ओंजळीकडे पाहिलं. "अवं जया," ती म्हणाली, "मी कोनाची वाट पाहून राह्यली वं?"

मग तिनं ओंजळ सोडली, कंबर सरळ केली आणि स्वतःच्या हातानं तोटी फिरवली. पाणी जोरात आलं. ती ताठ उभी राहून प्यायली, आणि नाकातोंडात गेलं म्हणून खोकत, रडत, मला हाका मारू लागली की घागर आण.