डेमोचं सॉफ्टवेअर

सुरुची मॅडमना डेमो लेक्चरची भारी हौस. भाईंदर पश्चिमेला त्यांचा जावा प्रोग्रामिंगचा क्लास. वर्ष सुरू होताना आईबाप पोरांना घेऊन बघायला यायचे, तेव्हा त्या पडद्यावर मोठ्या कंपन्यांत वापरतात तसलं सॉफ्टवेअर उघडायच्या. दोन अक्षरं टाइप केली की उरलेला शब्द आपोआप, चूक झाली की लाल रेघ, हिरवं बटण दाबलं की प्रोग्राम चालू. आईबाप खूश, मॅडम त्याहून खूश. मग वर्षभर पोरांना शिकवायलाही तेच.

क्लासमधले जुने ईश्वर सर म्हणाले होते, "अगं, नवशिकी पोरं आहेत. आधी साध्या नोटपॅडमध्ये लिहू दे, कमांड देऊन चालवू दे. रडतील, पण शिकतील."

"सर, नोटपॅड बघून कोण ॲडमिशन घेणार?" मॅडमनी त्यांना गप्प केलं. खरं कारण तेवढंच होतं. पुढे नोकरीत हेच लागतं, ही पोरांच्या भल्याची भाषा नंतर सुचली.

कॉलेजात प्रॅक्टिकलचे तास नावालाच व्हायचे. परीक्षेत काय वापरायला देतात, हे मॅडमनी कधी विचारलंच नव्हतं. परीक्षेला लॅबमध्ये नेमकं नोटपॅडच निघालं. क्लासमधल्या बाकीच्यांनी शेजारच्याचं बघून वेळ मारून नेली. उत्तनच्या जागृतीला ते जमलं नाही. क्लासमध्ये सगळ्यांच्या आधी प्रोग्राम चालवून दाखवणारी ही पोरगी कोऱ्या पडद्यासमोर नुसती बसून राहिली. फाइलला नाव काय द्यायचं, हेसुद्धा तिला कधी ठरवावं लागलं नव्हतं. नापास झाली.

आज ती आईला घेऊन क्लास सोडायला आली होती. आईनं, लक्ष्मीताईंनी, सुक्या बोंबलांची पिशवी टेबलावर ठेवली.

"मॅडम, तुमी लय मेहनत घेतली. आमच्याच पोरीचं डोकं चालत न्हाय. हिचा बाप बोलतो, कॉम्प्युटर सोड, आर्ट्सला जा."

"खरंय मॅडम," जागृती मान खाली घालून म्हणाली. "माझ्यानं नाय होणार हे."

या पोरीचं डोकं किती चालतं, ते मॅडमइतकं कोणाला ठाऊक होतं? गप्प बसणं सोपं होतं. निकाल लागल्यापासून त्या तेच करत होत्या, आणि त्याची त्यांना मनापासून लाज वाटत होती.

"ताई, चूक हिची नाही, माझी आहे," त्या एका दमात म्हणाल्या. "दिखाव्यासाठी मी भलतंच सॉफ्टवेअर धरलं. निम्मं काम तेच करायचं. परीक्षेत लागतं ते मी हिला शिकवलंच नाही. हिला आर्ट्सला घालू नका. मी शिकवते परत."

जागृतीनं वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर मॅडमना बरं वाटलं असतं.

"माझं मन राखायला स्वतःवर घेऊ नका मॅडम. तुम्ही नाय चुकणार."

"अगं, खरं सांगतेय मी."

लक्ष्मीताईंचे डोळे भरून आले. "बघ पोरी, किती मोठ्या मनाच्या हायत. आपल्यापायी सोताला नावं ठेवतात. पाया पड."

जागृती वाकली. मॅडम मागे सरकल्या, पण मागे भिंत होती.