शेवटच्या तोफेची गाठ

"अप्पा, श्वास धरा," लेक म्हणाली आणि चिमट्यातली कप्पी तिने तोफेच्या गाड्याला टेकवली.

कप्पी मोहरीएवढी. तिच्यातून दोरा ओवायचं काम अप्पांचं, म्हणजे मिस्त्रींचं, कारण त्यांचा उजवा हात शाबूत होता. डावा अर्धांगाच्या झटक्यात गेला, तो आता मांडीवर बिनबोलावलेल्या पाहुण्यासारखा पडून असायचा. त्याचं काम लेक करायची. उभी हयात कारखान्यात लेथवर काढलेल्या या माणसाने निवृत्तीनंतर लाकडी लढाऊ जहाज करायला घेतलं होतं, आणि तेही काटेकोर मापात. खऱ्या जहाजावर तोफ उडाली की मागे उसळते. तिला आवरायला मनगटाएवढा दोर लागतो, पुढे ओढायला दोन्ही बाजूंना दोर-कप्प्या. इथे तोफच करंगळीच्या पेराएवढी, तेव्हा दोरही त्याच हिशेबाने हवा. "जाड दोरा लावाल तर खेळणं होईल," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत.

"शेवटची तोफ बांधून झाली की खुशाल जा," असंही तेच म्हणाले होते. दूरच्या शहरात लेकीला नर्सची नोकरी लागली होती. तिथल्या मेट्रनबाईंनी एकदा मुदत वाढवून दिली, दुसऱ्यांदा कुरकुरत दिली. आता आज संध्याकाळी त्यांचा फोन येणार होता, हो की नाही ते विचारायला. आणि जहाज काही संपता संपत नव्हतं. शेवटच्या दोन तोफांच्या गाठी आळीपाळीने सुटत होत्या. ही बांधली की ती.

"दोऱ्याला मेण कमी पडतंय," मिस्त्री म्हणायचे.

मेणाचं नाव कशाला घ्यायचं! लेक बाजारात गेली की हेच गृहस्थ सुई घेऊन बसत आणि गाठ उकलत. लाज वाटायची हो, नाही असं नाही. पण संध्याकाळी ती पुन्हा शेजारी येऊन बसली की लाज कुठल्या कुठे पळायची.

आजची गाठ आवळून झाली. लेक दुसऱ्या तोफेकडे वळली आणि थांबली. दोरा लोंबत होता.

"ही काल बांधली होती ना?"

मिस्त्री मेणाची डबी चाचपू लागले. "सुटली असेल."

तिने भिंग घेतलं. दोऱ्याला गाठीच्या जागी मोड पडले होते आणि मेणावर सुईचा ओरखडा होता.

"काहीतरी लागलं असेल त्याला," मिस्त्री म्हणाले.

"अप्पा, बांधायला दोन हात लागतात. सोडायला एक पुरतो."

चोर पकडला गेला की आधी तोच ओरडतो. "मग जा ना! कोणी धरून ठेवलंय तुला?"

तेवढ्यात फोन वाजला. लेक उठली नाही.

"तुम्ही राहा म्हणालात तर राहीन मी," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "खरंच राहीन. पण तोंडाने म्हणा. सुईने नको."

फोन वाजतच होता. एक शब्द पुरला असता. तो अगदी दातांपर्यंत आला होता. ही गेली तर हे घर खायला उठेल, एवढं एकच मिस्त्रींना दिसत होतं.

"उचल," ते म्हणाले. "म्हणावं, सोमवारी हजर होईन."

तिने तसं सांगितलं. मग परत येऊन तिने चिमटा हातात घेतला. "चला, एवढी बांधून टाकू."

"नको. तू बॅग भर, बयो. हिचं मी बघतो."

दोऱ्याचं टोक त्यांनी दातात धरलं. कप्पी घरंगळली, पुन्हा घेतली. गाठ बसतेय असं वाटेपर्यंत निसटली. एकदा तर रडू आलं, आणि दोरा दातात असल्यामुळे धड रडताही येईना.

लेक बॅग घेऊन बाहेर आली तेव्हा तोफ बांधून झाली होती. एक कप्पी तिरकी होती, दोर सैल.

"डबा शेजारच्या काकू देतील. गोळ्या काढून ठेवल्यात," असं म्हणता म्हणता तिने सवयीने चिमटा उचलला आणि कप्पी सरळ करायला ती वाकली. मिस्त्री श्वास धरून बघत राहिले.

तिने कप्पीला हात लावला नाही. इतके दिवस तिच्या बाजूला असायचा तो चिमटा तिने त्यांच्या उजव्या हाताशी ठेवला आणि बॅग उचलली.