अर्ध्यावर सोडलेलं तिसरं पुस्तक

सरोवराकाठच्या किसुमूत अडोयोला सगळे ओळखत ते तिच्या कादंबऱ्यांमुळे. सरोवराच्या तळाशी वसलेलं राज्य, तिथली बोलकी मगर, माणसाचं रूप घेऊन बाजारात येणारे पाणघोडे, असलं सगळं ती लिहायची. तीन पुस्तकं निघाली होती. चौथं मात्र काही केल्या पुढे सरकेना. सकाळी पानभर लिहायचं आणि दुपारी तेच खोडायचं, असं चाललं होतं.

अशात भेटून जा म्हणून वासोंगांचा निरोप आला. वासोंगा गावच्या वाचनालयाचे जुने ग्रंथपाल. अडोयोची आई बाजारात मासळी विकायची, तेव्हा ही पोर दिवसभर त्यांच्याकडेच वाचत बसलेली असायची. आता त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं.

अडोयो गेली तेव्हा ते आंब्याखाली खुर्ची टाकून बसले होते. दोन्ही डोळ्यांवर पट्टी.

"कोण? पाणघोड्यांची राणी का?"

"हो बाबा. कसे आहात?"

"कसा असणार? रेडिओ ऐकून कान किटले. काहीतरी वाचून दाखव मला."

त्यांना द्यायला म्हणून तिनं आपली तिसरी कादंबरी आणलीच होती. तिनं नाव सांगितलं तसा वासोंगांनी हात हलवला.

"ते नको," ते म्हणाले. "ते मी अर्ध्यावर सोडलं."

"बाबा!" चहा घेऊन आलेली त्यांची मुलगी रिस्पर ओरडलीच. "घरी आलेल्या माणसाशी असं बोलतात?"

"मग काय खोटं बोलू? पट्टी डोळ्यांवर आहे, तोंडावर नाही."

अडोयोनं कप खाली ठेवला. "काय चुकलं त्यात?"

"चुकलं काहीच नाही. सगळं जागच्या जागी होतं, नीट घडी घातल्यासारखं. तुझ्या पहिल्या पुस्तकातली मगर कधी काय करील याचा नेम नव्हता. मला तर वाटायचं, तुलाही ठाऊक नसावं." मग त्यांनी विचारलं, "शेवटचं पुस्तक कधी वाचलंस?"

"रोजच वाचते की. नव्या लेखकांची हस्तलिखितं येतात, स्पर्धेची पुस्तकं तपासायला येतात..."

"ते काम झालं. मजेसाठी कधी वाचलंस?"

काहीतरी निमित्त काढून ती उठली आणि वाटभर मनातल्या मनात म्हाताऱ्याशी भांडत राहिली. तिच्या बक्षिसाच्या समारंभात पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवणारा हाच का तो माणूस? पण घरी पुस्तकांच्या कपाटासमोर उभी राहिली आणि तिचा राग ओसरला. कितीतरी पुस्तकं तिनं हौसेनं आणली होती. त्यातलं एकही उघडलेलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आंब्याखाली हजर झाली. वासोंगांनी आपल्या कपाटातून एका गलबताच्या सफरीची जुनी गोष्ट काढायला लावली. पहिली काही पानं गायब होती. अडोयो वाचू लागली, पण दर परिच्छेदाला अडायची. "हे वाक्य उगाच लांबवलंय. इथं हा खलाशी हवा कशाला?"

"मासळीचा भाव पाडायला आलीयस का तू?" वासोंगा वैतागले. "वाच की गुमान!"

ती गुमान वाचू लागली. रोज दुपारी थोडं थोडं. एके दिवशी गलबत खडकावर आदळलं, शिडं फाटली, आणि कप्तानाची लहान मुलगी कुठं दिसेना. अडोयो भरभर पानं उलटत होती. ताटातली मक्याच्या पिठाची उगाली निवतेय म्हणून रिस्परनं दोन हाका मारल्या, त्या तिला ऐकूच आल्या नाहीत. मोठ्यानं वाचणं कधी थांबलं, तेही तिला कळलं नाही.

"अगं, पुढे काय झालं?" वासोंगांनी विचारलं.

"थांबा हो बाबा, आधी मला कळू द्या!"

ते हसत सुटले, इतके की खोकला लागला.

त्या पावसाळ्यात अडोयोनं एक ओळही लिहिली नाही. पुस्तकाला उशीर होईल असं तिनं प्रकाशकाला कळवलं. तो कुरकुरला, मग कबूल झाला. चौथ्या कादंबरीची सगळी पानं तिनं बाजूला काढून ठेवली. वाईट वाटलं, पण फार नाही. लिहू लागण्याआधी आपण कोण होतो, ते तिला हळूहळू आठवत होतं. नवं काही सुचेल का, कुणास ठाऊक. पण सकाळी टेबलाशी बसून ती आता आधी पुस्तक उघडायची.

वासोंगांची पट्टी निघाली, नवा चष्मा आला. तरी ती येतच राहिली. दोघं दोन खुर्च्यांवर, दोन पुस्तकं घेऊन. पहिल्याच दिवशी वासोंगांना तिच्या हातातलं पुस्तक जास्त आवडलं आणि ती देईना, तेव्हा रिस्परला मध्ये पडावं लागलं.