पिवळ्यावरची माशी

"ताई, हा घालून आत आले तर चालेल ना?" धाकटी जाऊ हरितगृहाच्या दाराशी एक गिरकी घेऊन उभी राहिली. अंगात नवाकोरा, पिवळाधमक स्वेटर.

थोरलीच्या हातात चिकट पट्ट्यांचा गठ्ठा होता. त्याही पिवळ्याच. टोमॅटोवरच्या पांढऱ्या माशीला पिवळ्याचं भारी वेड. म्हणून रांगांमधून या पट्ट्या टांगायच्या आणि रोज सकाळी किती माश्या चिकटल्या ते बघून कीड कुठवर आली ते सांगायचं, हे थोरलीचं काम. थंडी सरायला लागली की माशी वाढणारच. थोरली रांगेत शिरली की पानाखालची माशी श्वास रोखून बसते, असं कामावरच्या बाया शपथेवर सांगत. पिवळं घालून आत यायचं नाही, हा नियम तिनंच घालून दिलेला. नव्या बाईला तो सांगणं हेही तिचंच काम, आणि धाकटी अगदी नवी होती.

पण स्वेटर सासूबाईंनी विणलेला होता. थोरली या घरात आल्यापासून त्यांच्या सुया कधी थांबल्या नव्हत्या. लेकांना विणलं, लेकींना विणलं, शेजारणीच्या पोपटाच्या पिंजऱ्यालासुद्धा झबलं विणलं. थोरलीच्या वाट्याला एक टाका आला नाही. आणि ही काल आलेली.

"चालेल की," थोरली म्हणाली. "छान दिसतो तुला."

"बाह्या जरा लांब झाल्यात."

"दुमड. कोण बघतंय."

धाकटी जुन्या हरितगृहातून रिकामे क्रेट आणायला गेली आणि तिथून तशीच रोपांच्या शेडमध्ये. दुपारी बाहेर आली ती अंगावर पीठ चाळल्यासारखी. जुन्या झाडांवरची सगळी माशी तिनं कोवळ्या रोपांपर्यंत आणून पोचवली होती.

मुकादम बघतच राहिला. "माश्यांना फिरायला घेऊन आलीस? रोपांची पानं आकसली की कोण भरून देणार? कुणाला विचारून घातलास हा?"

धाकटीच्या तोंडून एक शब्द निघायचा अवकाश, की थोरलीची इतक्या वर्षांची पत मातीत.

धाकटीनं तिच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही.

"कुणालाच नाही," ती म्हणाली. "थंडी वाजत होती."

दाराजवळची रोपं उपटली. स्वेटर पोत्यात कोंबून मागच्या बाजूला जाळला. "पुन्हा असं झालं तर घरीच बस," मुकादमानं धाकटीला बजावलं.

सासूबाईंना मात्र काही वाटलं नाही. "जळला तर जळला. दुसरा विणते." त्यांनी पेटीतून लोकरीची निळी लड काढली. "हा रंग चालेल ना गं कामावर?"

धाकटी कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "ताईंना विचारा. त्यांना कळतं त्यातलं."

थोरलीनं लडीकडे पाहिलं. काय देखणा निळा होता. फुलकिडे निळ्यावर तुटून पडतात, हे या घरात तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. 'चालेल की' अगदी जिभेवर येऊन बसलं होतं. एवढं म्हटलं की धाकटी घरी, आणि या वेळीही कुणाला कळणार नाही. एक जण सोडून.

"निळा नको," ती म्हणाली. "त्यावर फुलकिडे येतात. राखाडी घ्या."

"राखाडी? शोभेल का हिला?"

"हिला काहीही शोभतं." दुखणं तर तेच होतं.

"मग ये, धर."

थोरली पाटावर बसली. सासूबाईंनी राखाडी लड तिच्या दोन्ही मनगटांत अडकवली आणि गुंडा करायला घेतला. नेमकं तेव्हाच तिचं नाक खाजायला लागलं. धागा तिच्या हातांतून सुटून फेऱ्याफेऱ्यानं पलीकडे जात राहिला.

"मागच्या बाह्या लांब झाल्या होत्या," ती म्हणाली. "दोन बोटं कमी धरा."

"बरं झालं सांगितलंस," सासूबाई म्हणाल्या. "हात खाली येतायत तुझे."

थोरलीनं हात वर घेतले.